मोठ्या कोंबड्यांमध्ये नवी पिल्लं कधी आणि कशी सोडावीत?

रानजाई | ९ जून, सकाळी ८:४०

नमस्कार मंडळी. देवरूखजवळ आमचं घर आहे. मागच्या परसात ५ गावठी कोंबड्या आणि १ कोंबडा आहे. बरीच वर्षं एकत्र राहिल्यामुळे त्यांचं सगळं ठरून गेलंय. संध्याकाळी खुराड्यात आधी कोण शिरणार, दांडीवर कोण कुठे बसणार, कणी टाकली की पहिली चोच कुणाची, यात फरक पडत नाही.

एप्रिलच्या शेवटी ग्रामप्रिया जातीची १० पिल्लं आणली. बल्बखाली खोक्यात वाढवली. आता ६ आठवड्यांची झालीत, अंगावर पिसं आलीत आणि खोकं पुरेनासं झालंय. पाऊस तोंडावर आलाय, पडवीत फार दिवस ठेवता येणार नाहीत.

परवा पिल्लांचं खोकं वर जाळी टाकून अंगणात ठेवलं. आमची लाली नावाची कोंबडी आली. मानेची पिसं फुलवून, एक पंख खाली सोडून तिरकी तिरकी खोक्याभोवती फिरली, मग जाळीतून एका पिल्लाच्या डोक्यावर अशी टोच मारली की ते कोपऱ्यात अंग चोरून बसलं. दुपारपर्यंत दाण्याला शिवलं नाही. घरचे म्हणतात, सोड एकदाची, होईल आपोआप. माझा धीर होत नाही. तुम्ही कसं करता? किती वयाची झाल्यावर सोडता?

माळरान | ९ जून, सकाळी ९:२५

सोडून द्या ताई. आमच्या पारनेरच्या वस्तीवर कुणी असलं काही करत नाही. दोन-चार दिवस टोचाटोची होते, मग ज्याची त्याची जागा ठरते. पिल्लाला पळता आलं की झालं. फार जपलं तर पिल्लं बुजरी होतात, घार आली तरी त्यांना कळत नाही.

पाटावरवंटा | ९ जून, सकाळी ९:५१

सकाळच्या ठाणे लोकलमध्ये नवा माणूस चढला की कोपऱ्यातली रोजची मंडळी जशी बघतात, तशी ही लाली दिसतेय. चौथी सीट मिळायला वेळ लागतो हो.

माझ्याकडे कोंबड्या नाहीत, फक्त दोन बाय आठची बाल्कनी आहे. तरी धागा वाचतोय.

ओसरी | ९ जून, सकाळी ११:१०

माळरान, तुमचं म्हणणं तुमच्या वस्तीपुरतं खरं आहे, पण रानजाईंना लागू होत नाही. कारण सांगते.

वस्तीवर पिल्लं येतात कुठून? खुडूक कोंबडी अंडी उबवते, २१ दिवसांनी पिल्लं निघतात आणि ती त्यांना घेऊन सगळ्यांच्या देखत अंगणात फिरते. पिल्लाजवळ कुणी चोच नेली तर ती अंगावर जाते. कोंबडासुद्धा तिच्या वाटेला जात नाही. दीड-दोन महिन्यांनी ती स्वतःच पिल्लांना टोचून लांब करते, पण तोपर्यंत कळपाने त्या पिल्लांना रोज पाहिलेलं असतं आणि पिल्लांनाही कुणापासून लांब राहायचं ते कळलेलं असतं. म्हणजे ओळख करून देण्याचं सगळं काम आईने केलेलं असतं. म्हणून आपल्या आज्यांना हा प्रश्न कधी पडलाच नाही.

हॅचरीतून आलेल्या पिल्लाला आई नाही. मोठ्या कोंबड्यांच्या दृष्टीने ती १० परकी पाखरं आहेत आणि आपल्या दाण्यावर, आपल्या दांडीवर आलीत. आईने जे केलं असतं ते आता तुम्हाला करायचंय.

मी असं करते. खुराड्याला लागून किंवा परसातल्या त्यांच्या रोजच्या जागेतच एक कोपरा जाळीने वेगळा करायचा. पिल्लं दिवसभर तिथे. दोघांनी एकमेकांना बघायचं, ऐकायचं, पण चोच पोचता कामा नये. जाळीच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ दाणे टाकायचे, म्हणजे शेजारी बसून खायची सवय लागते. किमान दोन आठवडे तरी हे चालू द्यावं. पहिले काही दिवस मोठ्या कोंबड्या जाळीवर चोची मारतात, नंतर कंटाळतात. त्या जाळीपाशी येऊन स्वतःची पिसं साफ करत निवांत बसायला लागल्या की ओळखायचं, राग उतरला.

मगच संध्याकाळच्या वेळी, खुराड्यात शिरायच्या तासभर आधी, मोकळ्या अंगणात सगळ्यांना एकत्र सोडायचं. खुराड्याच्या आत पहिली भेट कधीच नको. आत पळायला जागा नसते. आणि एकेकटं पिल्लू सोडू नये, दहाही एकदम सोडावीत. एकटं असलं की सगळ्यांचा राग त्याच्यावर निघतो.

वयाचं विचाराल तर ६ आठवडे लहानच. १० ते १२ आठवड्यांना अंग भरतं, तेव्हा सोडलेली बरी.

सदाफुली | ९ जून, दुपारी १२:०२

ओसरीताईंना पूर्ण अनुमोदन. आईचा मुद्दा मी कधी असा विचारात घेतला नव्हता.

पुढच्या वेळेसाठी एक सुचवते. तुमच्या गावठीपैकी कुणी खुडूक बसली असेल तर हॅचरीची एक-दोन दिवसांची पिल्लं रात्री अंधारात तिच्या पोटाखाली सरकवायची आणि खालची अंडी काढून घ्यायची. सकाळी ती त्यांना आपलीच समजते. बल्ब नको, जाळी नको. मात्र ती बरेच दिवस बसलेली हवी, काल-परवा बसलेली चालत नाही. आणि सकाळी लवकर उठून बघायचं, कारण एखादी कोंबडी पिल्लं नाकारते आणि टोचते. ६ आठवड्यांच्या पिल्लांना आता हा उपाय नाही.

काजूबी | ९ जून, दुपारी १:३०

ताई, आमच्या कुडाळकडे जुनं मासेमारीचं जाळं वापरतात पार्टिशनला, कारण ते फुकट मिळतं. पण लहान पिल्लांना ते नको. पाय अडकतो, पिल्लू उलटं लटकतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. खालच्या दोन-अडीच फुटांना अर्धा इंची तारेची जाळी लावा, वर मासळीचं जाळं चालेल. घारीसाठी वरून झाकायलाही तेच बरं.

जाळीची खालची कड वीतभर जमिनीत पुरा. मुंगूस उकरून आत येतं. कोंबड्यांच्या भांडणात पिल्लू क्वचित मरतं, मुंगूस मात्र एका रात्रीत सगळी संपवतं.

गुरांचा_डॉक्टर | ९ जून, रात्री ९:४५

भांडणाबद्दल वर चांगलं लिहिलंय. मी रोगांबद्दल लिहितो, कारण नवीन पिल्लं कळपात सोडल्यावर जी मरतात ती बरीचशी टोचण्याने नाही, आजाराने मरतात आणि खापर मोठ्या कोंबड्यांवर फुटतं.

पहिली गोष्ट लसीकरण. पहिल्या आठवड्यात लासोटा (मानमोडी या कोंबड्यांच्या जीवघेण्या रोगावरची लस), दुसऱ्या आठवड्यात गंबोरो रोगाची लस, चौथ्या आठवड्याच्या सुमारास लासोटाचा बूस्टर, ६ ते ८ आठवड्यांच्या दरम्यान देवीची लस आणि ८ आठवडे झाल्यावर मानमोडीची आर-टू-बी. ही शेवटची त्याआधी देऊ नये, लहान पिल्लांना झेपत नाही. मोठ्या गावठींना आजवर काहीच दिलं नसेल तर त्यांनाही आर-टू-बी देऊन घ्या. पंचायत समितीच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. बाटली १०० डोसांची असते आणि एकदा पातळ केली की दोन तासांत संपवावी लागते, म्हणून वाडीतल्या चार-पाच घरांनी एकाच दिवशी कोंबड्या आणल्या तर सोयीचं होतं.

दुसरी गोष्ट रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. मोठ्या कोंबड्यांच्या पोटात याचे जंतू असतात, त्यांना काही होत नाही. त्यांच्या विष्ठेतून ते मातीत येतात आणि कोकणातल्या पावसाळ्यात ओल्या तुसात लवकर रोग लावण्याजोगे होतात. पिल्लं हळूहळू थोड्या प्रमाणात त्यांच्या संपर्कात आली तर प्रतिकारशक्ती तयार होते. एकदम ओल्या, घाण खुराड्यात टाकली तर चार-पाच दिवसांनी आजारी पडू लागतात. पिल्लू पिसं फुगवून, डोळे मिटून, पंख पाडून उभं राहिलं किंवा विष्ठेत रक्त दिसलं तर वाट बघू नका. पाण्यातून अँप्रोलियम देतात, मात्रा डॉक्टरांना विचारून. तूस कोरडं ठेवा, रोज वरखाली करा.

ओसरीताईंची जाळी इथेही उपयोगी पडते. पिल्लं त्याच जमिनीवर, पण कोरड्या स्वच्छ कोपऱ्यात असतात.

तिसरी गोष्ट खाद्य. अंड्यावरच्या कोंबड्यांना लेअर खाद्य देत असाल तर पिल्लांना ते खाऊ देऊ नका. त्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, पिल्लांना एक टक्क्याच्या आसपास पुरतं. जास्तीचं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांवर येतं. एकत्र केल्यावर सगळ्यांनाच ग्रोअर (वाढत्या पिल्लांचं) खाद्य घाला आणि मोठ्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. ज्यांना गरज असते त्या खातात.

माळरान | १० जून, सकाळी ७:१५

डॉक्टर, गावठी कोंबडीला लेअर खाद्य कोण घालतं हो? आमच्याकडे बाजरी, मक्याचा भरडा, उरलीसुरली भाकरी आणि बाकी ती उकिरड्यावर स्वतः शोधते.

ओसरीताई, आईचा मुद्दा पटला. आमच्याकडे आणलेली पिल्लं नसतातच, सगळी घरची. पण एक सांगतो, बाजारातून मोठी तलंग (अजून अंड्यावर न आलेली कोंबडी) आणली की आम्ही तिच्या पायाला सुतळी बांधून चार दिवस दाराशी खुंटाला ठेवतो आणि रात्री डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपलीखाली, झाकतो. घर ओळखीचं होतं, पळून जात नाही. बाकीच्या येऊन तिला बघून जातात. म्हणजे तुमची जाळी आणि आमची सुतळी एकच झाली की.

गुरांचा_डॉक्टर | १० जून, सकाळी ७:५०

बाजरी-मक्यावर असतील तर कॅल्शियमची काळजी नाही, तुमचं बरोबर. ग्रामप्रिया आणणारे बरेच जण तयार खाद्य घालतात म्हणून लिहिलं.

सुतळीच्या बाबतीत मात्र सहमत नाही. बांधलेली कोंबडी मार चुकवू शकत नाही. डालगं उत्तम, त्यात बघणंही होतं आणि चोचही लागत नाही. आणि बाजारातून आणलेल्या कोंबडीला दाराशी नाही, आधी तीन-चार आठवडे पार दुसऱ्या टोकाला ठेवा. बाजारात दहा गावच्या कोंबड्या एका टोपलीत असतात. मानमोडी तशीच घरात येते.

माळरान | १० जून, सकाळी ८:०५

तीन-चार आठवडे? शेतकऱ्याला तेवढी सवड कुठली डॉक्टर. पण मागल्या साली शेजारच्या वस्तीवर अख्खा कळप गेला, ते आठवलं. बघतो.

टिपूर | १० जून, सकाळी १०:३०

टोचण्याच्या या उतरंडीचा अभ्यास पहिल्यांदा नॉर्वेच्या थोर्लेफ श्येल्डरुप-एब्बे यांनी केला. लहानपणापासून ते कोंबड्या न्याहाळायचे, कोण कुणाला टोचतं याच्या नोंदी ठेवायचे, आणि १९२१मध्ये त्यावर प्रबंध लिहिला. त्यात मला आवडलेली गोष्ट म्हणजे ही उतरंड नेहमी सरळ नसते. पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी पुन्हा पहिलीला, असे त्रिकोणही त्यांना सापडले.

यातून रानजाईंच्या कामाची गोष्ट अशी की नवं पाखरू आलं की सगळ्यांच्याच जागा पुन्हा ठरतात. त्यामुळे थोडी टोचाटोची होणारच, ती शून्यावर आणता येत नाही. उतरंड एकदा ठरली की भांडणं कमी होतात, कारण नुसती मान वर केली तरी खालचं पाखरू बाजूला होतं.

सदाफुली | १० जून, सकाळी ११:१५

आणि सगळ्यात जास्त छळणारी बहुतेक वेळा वरची नसते, सगळ्यात खालची असते! तिला पहिल्यांदा आपल्याखाली कुणीतरी मिळतं. रानजाई, लाली तुमच्यात कितव्या नंबरला आहे?

रानजाई | १० जून, दुपारी ४:२०

काय सांगू, आज मुद्दाम बघत बसले. लाली सगळ्यात शेवटी दाणे खाते! सगळ्या तिला हुसकतात. मला इतके दिवस ती दादा वाटत होती.

सगळ्यांचे मनापासून आभार. उद्या जाळी आणायला जातेय. डॉक्टर, लासोटाचे दोन्ही डोस झालेत, गंबोरोही झालाय. देवीचं बघते.

पाटावरवंटा | १० जून, दुपारी ४:३३

लालीची बाजू ऐकून घेतल्याशिवाय निकाल देऊ नये अशी माझी सूचना आहे.

अवांतर: आमच्या इमारतीत एकाने गच्चीवर कोंबडा आणला होता. पहाटे साडेतीनला आरवायचा. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात, पण त्याने खोकं टाकून झाकलं तरी तो खोक्यातूनही आरवायचा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगच्या आधी कोंबड्याचा विषय निघाला.

चांदणवेल | ११ जून, सकाळी ६:१०

मेलबर्नहून लिहितेय. आमच्याकडे घरामागे ४ कोंबड्या आहेत. इथे मुंगूस नाही, कोल्हा आहे, त्यामुळे रात्री कडीकुलूप लागतंच.

इथे बरेच जण एक युक्ती सांगतात: रात्री सगळ्या झोपल्या की नवीन पाखरं गुपचूप दांडीवर नेऊन ठेवायची, सकाळी सगळ्यांना वाटतं ही आधीपासूनच होती. माझा त्यावर विश्वास नाही. कोंबडीला अंधारात दिसत नाही म्हणून रात्र शांत जाते, इतकंच. उजाडलं की त्यांना बरोबर कळतं कोण नवीन आहे ते, आणि दार उघडेपर्यंत नवी बिचारी आत कोंडलेली. जाळीचे दिवस आधी पार पडले असतील तरच रात्रीची युक्ती चालते, आणि तेव्हाही तांबडं फुटायच्या आत दार उघडायला तुम्ही तिथे हवं.

मला उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे पिल्लं शिरतील पण मोठ्या शिरणार नाहीत अशा फटी. भाजीचे प्लॅस्टिकचे क्रेट उलटे घालून एका बाजूला छोटं भोक कापलं. आत पिल्लांचं खाणं-पाणी. पाठलाग झाला की सगळी तिथे घुसतात. मोठ्या बाहेरून एक डोळा लावून बघत राहतात.

ओसरी | ११ जून, सकाळी ९:००

क्रेटची कल्पना फार छान. त्यात भर: दाण्याची आणि पाण्याची भांडी किमान तीन ठिकाणी, एकमेकांपासून दिसणार नाहीत अशी ठेवा. एका भांड्यावर पहारा देता येतो, तिन्हींवर देता येत नाही. कोपरे अडवा, एखादी फळी, केळीची पडलेली पानं, जुनी टोपली उभी करून ठेवा. पाठलाग करणारी कोंबडी नजरेआड झालं की लगेच विसरते.

आणि मध्ये पडायचं कधी, ते ठरवून ठेवा. टोच मारली, पिल्लू पळालं, विषय संपला, यात आपण पडायचं नाही. कोपऱ्यात दाबून टोचतच राहिली किंवा रक्त दिसलं तर त्या क्षणी पिल्लू बाहेर. लाल दिसलं की बाकीच्याही तुटून पडतात, कळपातल्या गरीब कोंबड्यासुद्धा. जखमेवर जेंशन व्हायोलेट लावा, लाल रंग झाकला जातो. आम्ही हळद आणि खोबरेल लावायचो, पण त्याने रंग झाकला जात नाही, म्हणून जांभळं औषध घरात असू द्या. पूर्ण खपली धरल्याशिवाय परत सोडू नका.

काजूबी | ११ जून, दुपारी २:१०

कोंबड्याबद्दल कुणी लिहिलं नाही. आमचो कोंबो पिल्लांका काय करणा नाय, उलट दाणा सापडला की कुक-कुक करून बोलावतो. ताई, तुमचा कोंबडा शहाणा असेल तर तो मोठा आधार आहे. कोंबड्या भांडायला लागल्या की मध्ये येऊन उभा राहतो.

रानजाई | २१ जून, संध्याकाळी ६:५०

थोडी खबरबात. जाळीचा कोपरा तयार आहे, वर पत्रा टाकलाय, पाऊस सुरू झालाय तरी आत तूस कोरडं आहे. लाली पहिले दोन दिवस जाळीपुढून हलत नव्हती, आता तिने नाद सोडलाय. कोंबडा मात्र काजूबीदादा म्हणाले तसाच निघाला. जाळीपाशी दाणा चोचीत धरतो, खाली टाकतो, पुन्हा उचलतो, आणि आतली पिल्लं धावत येतात. त्याला ती मिळत नाहीत आणि यांना दाणा मिळत नाही, तरी रोज चाललेलं असतं.

सदाफुली | २१ जून, रात्री ८:१५

वा! हे वाचून फार बरं वाटलं.

रानजाई | १२ जुलै, सकाळी १०:०५

ओसरीताईंच्या सांगण्याप्रमाणे गेल्या आठवड्यात संध्याकाळी सगळ्यांना मोकळ्या अंगणात सोडलं. भांडी तीन ठिकाणी, दोन क्रेट उलटे घातलेले. चार कोंबड्यांनी एकेक टोच मारून आपापली ओळख करून दिली आणि चरायला निघून गेल्या. लाली मात्र एका फिकट पिसांच्या तलंगीच्या मागेच लागली. तीच एक सारखी. क्रेटमधून बाहेर पडली की हजर. दुसऱ्या दिवशी तिच्या डोक्यावरची पिसं उपटलेली दिसली, रक्त नव्हतं. काय करू?

ओसरी | १२ जुलै, सकाळी १०:४०

तलंगीला काढू नका, लालीला काढा. तिला तीन-चार दिवस डालग्यात किंवा त्याच जाळीच्या कोपऱ्यात ठेवा. तलंगीला वेगळं ठेवलं तर परत आल्यावर ती पुन्हा नवीन ठरते. लाली परत येईल तेव्हा नवखी तिला व्हावं लागेल आणि तोवर पिल्लांनी अंगण आपलं केलेलं असेल.

माळरान | १२ जुलै, सकाळी ११:२०

हे मात्र खरं काम करतं. आमची आजी मारकुट्या कोंबडीला दोन दिवस डालग्याखाली झाकायची, आम्हाला वाटायचं शिक्षा करतेय.

रानजाई | १९ जुलै, रात्री ८:३०

लालीला काल सोडलं. बाहेर येऊन इकडे तिकडे बघितलं, सवयीने त्या तलंगीकडे निघाली, तर बाकीच्या चार-पाच पिल्लांनी माना वर केल्या आणि ती वाट बदलून माती उकरायला गेली. आज एकदा टोच मारली, तलंग पळाली, संपलं. रात्री ७ पिल्लं दांडीवर आणि ३ अजून खाली तुसात झोपतात. त्यांना उचलून वर ठेवू का?

ओसरी | १९ जुलै, रात्री ९:०२

ठेवा, अंधार पडल्यावर. आठवडाभर ठेवलंत की स्वतः चढतील. मोठ्यांच्या दांडीपेक्षा थोडी खाली अजून एक दांडी बांधलीत तर भांडण नाही.

टिपूर | २० जुलै, सकाळी ९:४०

दहांत कोंबडे किती निघाले? १२ आठवड्यांना तुरे लाल दिसायला लागले असतील.

रानजाई | २० जुलै, दुपारी १२:१५

चार वाटतायत. तुरे मोठे आणि शेपटीची पिसं वळायला लागलीत.

गुरांचा_डॉक्टर | २० जुलै, दुपारी १:००

८-१० कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. चार नवे आणि एक जुना राहिले तर आरवायला लागल्यावर कोंबड्यांचीच पाठ सोलवटून निघेल. आत्ताच ठरवा. एखादा राखीव ठेवायचा तर तो जुन्या कोंबड्याचं ऐकणारा, मवाळ असा निवडा. आणि आर-टू-बी राहिलीय का? राहिली असेल तर या आठवड्यात, पाखरं ठणठणीत असतानाच द्या.

पाटावरवंटा | २० जुलै, दुपारी १:०७

मी काही बोलत नाही. फक्त गटारी जवळ आली की देवरूखला यायला एसटी कुठून मिळते ते विचारतोय.

रानजाई | २० जुलै, दुपारी ३:४५

पाटावरवंटा, या की, अंड्याची पोळी नक्की मिळेल, कोंबडे मिळणार नाहीत! दोन शेजारच्या वाडीत मागितलेत पाळायला, एक बहिणीकडे जाईल. चौथा ठेवतेय.

डॉक्टर, आर-टू-बी गुरुवारी ठरलीय. वाडीतली सहा घरं येणार आहेत, मोठ्या गावठींनाही त्याच दिवशी देऊन घेते.

काजूबी | २० जुलै, संध्याकाळी ५:३०

ताई, क्रेटला भोक किती मोठं कापलंत? आमच्याकडे पुढच्या महिन्यात वनराजची पिल्लं यायची आहेत.

रानजाई | २० जुलै, संध्याकाळी ६:१०

सुरुवातीला साधारण चार इंच रुंद आणि पाच इंच उंच. पिल्लं वाढली तसं थोडं थोडं वाढवलं. कापलेल्या कडा मेणबत्तीवर तापवून गुळगुळीत करा दादा, नाहीतर मानेला घासतात.